कोणाच्या हातचा पाव?

गेल्या रमजानमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक यादी आली. पाव, टोस्ट, खारी, केक कोणत्या बेकरीतून घ्यावेत आणि कोणत्या बेकरीतून अजिबात घेऊ नयेत, याची. कारण कुठे लिहिलेले नव्हते. मालकांची नावे वाचली की ते आपोआप कळत होते. तिघांनी अंगठे दाखवले, एकाने ‘इथे हे नको’ म्हटले, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी ती यादी पुसून टाकली. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी होते. हात कोपरापर्यंत मैद्याने भरलेले. इफ्तारला भरलेला पाव करायचा होता.

भरलेला पाव हे आमच्या घरातले नाव. खमीर घालून फुगवलेल्या मैद्याच्या दोन जाड पोळ्या लाटायच्या, एक ट्रेमध्ये पसरायची, तिच्यावर शेपू घातलेला कोरडा खिमा, वर दुसरी पोळी, कडा मुडपून बंद करायच्या, दूध लावून ओव्हनमध्ये ठेवायचा. अर्ध्या तासाने बाहेर काढून वड्या कापतो तसे चौकोन कापायचे. रशियात याला पिरोग म्हणतात, स्पेनच्या गॅलिसियात एम्पनाडा, शाम-लबनानकडे याचीच छोटी भावंडे फताएर नावाने मिळतात. एम्पनाडा या शब्दाच्या पोटात ‘पान’ म्हणजे पाव आहे. अर्थ सरळ, पावात गुंडाळलेले. आमच्या घरच्या नावाचाही अर्थ तोच.

त्या यादीमुळे मी जरा मागे जाऊन वाचू लागले. आपल्याकडे पाव आणि नान ही खाण्याची वस्तू होण्याआधी ‘कोणाच्या हातचे’ हा प्रश्न होती. तो प्रश्न किती जुना आहे आणि त्याची उत्तरे कोणी कशी दिली, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात शब्दापासून करू. खमीर हा अरबी शब्द. ख-म-र या धातूपासून तो होतो, आणि त्याच धातूपासून ‘खम्र’ म्हणजे मद्यही होते. झाकणे, आंबवणे असा मूळ भाव. पीठ फुगते तेव्हा यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडा मद्यार्क तयार करते. वायूने पीठ फुलते, मद्यार्क भट्टीच्या उष्णतेत बहुतेक उडून जातो. हे सगळे सूक्ष्म जिवांचे काम आहे, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले. पण शब्द बनवणाऱ्यांना पीठ आणि दारू एकाच क्रियेची लेकरे आहेत, हे त्याच्या कितीतरी आधी कळले होते.

नान महाराष्ट्रात आला तो फौजेबरोबर. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. औरंगाबादचा नान-कलिया त्या लष्करासाठी सुरू झाला, असे तिथले लोक सांगतात. पुरावा म्हणून नाही, आठवण म्हणून मी ती गोष्ट धरते, कारण त्या खाण्याची घडणच लष्करी आहे: मोठमोठ्या देगा, जमिनीत पुरलेले तंदूर, शेकड्यांनी नान. आजही तिथे लग्नाच्या जेवणाला नान घरी करत नाहीत. नानबाई येतो किंवा त्याच्याकडून आणतात. हळद-गुळाचे पाणी लावलेला तो पिवळसर, मऊ, खमिरी नान मी माझ्या नणंदेच्या लग्नात पहिल्यांदा खाल्ला आणि साताऱ्याची मुलगी म्हणून जरा लाजलेही. मराठवाड्याच्या आणि आमच्या मुसलमानीत एवढे अंतर असेल, असे वाटले नव्हते.

त्याच तुघलकाच्या दरबारात इब्न बतूता होता. तिथल्या मेजवानीत वाढल्या जाणाऱ्या समोशाचे त्याने वर्णन केले आहे: बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा, मसाला घालून शिजवलेला खिमा, पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला. हाच इब्न बतूता नंतर दौलताबाद-नंदुरबारकडून गेला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिले की त्यांचे खाणे भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जनावराला दुखवणे त्यांना आवडत नाही. एकाच माणसाच्या एकाच प्रवासात हे दोन्ही.

पुढे अडीच शतकांनी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त पाकशाळेची मापे लिहिली. त्यात समोसा आहेच: 10 शेर मांस, 4 शेर मैदा, 2 शेर तूप, आणि तो वीस तऱ्हांनी करता येतो अशी टीप. तंदुरात भाजायच्या मोठ्या रोटीचे मापही आहे: 10 शेर पीठ, 5 शेर दूध, दीड शेर तूप, पाव शेर मीठ. भरलेले वेगळे, भाजलेले वेगळे. मध्य आशियात मात्र समसा तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजतात. आपल्याकडे भरलेले सगळे कढईत गेले. समोसा, कचोरी, करंजी. किंवा तव्यावर: पुरणपोळी, खिम्याचा पराठा. असे का व्हावे? माझा तर्क साधा आहे. आपल्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. चुलीवर तवा बसतो, कढई बसते. चारी बाजूंनी सारखी उष्णता द्यायची तर भिंती तापाव्या लागतात, लाकूड मणाने लागते, आणि एवढा खर्च एका घरासाठी कोणी करत नाही. म्हणून भाजणे बाजारात राहिले आणि तळणे घरात.

घरात भाजायची एकच युक्ती होती, निखारे. पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर विस्तव. दम हाच. मुंबईचे पाठारे प्रभू कोळंबी, कोबी आणि बेसनाचे भानोळे असेच करत, दख्खनी घरांत मोहरमचे रोट असेच होत, आणि गोव्यातली बेबिंका तर थरावर थर वरच्या निखाऱ्यांवरच भाजली जाते. गोव्यातच आमच्या भरलेल्या पावाचा सर्वांत जवळचा नातलग सापडतो. तिथल्या ख्रिस्ती घरांत कोळंबीचा ‘आपा’ करतात. तांदूळ, नारळ, अंडी यांचे पीठ माडाच्या सुरेने आंबवायचे, दोन थरांच्या मध्ये तिखट कोळंबी घालायची आणि भाजायचे. म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, आत सारण असलेला, घरात भाजलेला पदार्थ आपल्या किनाऱ्यावर कितीतरी आधीपासून आहे. फक्त आपण त्याला आपला म्हणून मोजलेले नाही.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतले, 1534 मध्ये वसई. पाव हा शब्द त्यांचाच, ‘पांव’. त्यांना यीस्ट मिळेना, म्हणून त्यांनी सूर वापरली. भाजणारे ‘पदेर’ हे तिथलेच लोक, साष्टीकडचे बरेच, आणि त्यांच्याच वंशजांनी पुढे मुंबईला पाव खायला शिकवले. पण किनाऱ्यावरून घाटावर चढताना पावाबरोबर एक भीती चढली. वसई-गोव्याकडे आजही गोष्ट सांगतात, की विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायलेले गावच्या गाव बाटले. घाटावर दुसरीच गोष्ट: पायांनी मळतात म्हणून पाव. व्युत्पत्ती म्हणून ती चुकीची आहे. पण चुकीच्या व्युत्पत्तीसुद्धा काही सांगतात. पावाला मळणारा कोणी दुसरा आहे, त्याचे अंग त्याला लागलेले आहे, आणि आपण ते पाहिलेले नाही, ही ती भीती.

आता जो प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगते. 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण आपल्या पणजोबांच्या पिढ्या शिकल्या, ते तिच्या संस्थापकांपैकी. राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. सभा गुप्त होती. जातिभेद मोडायचा, हा हेतू. पण नुसते तसे बोलून सभासद होता येत नसे. नव्या माणसाला ख्रिस्ती भट्टीवाल्याने केलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. एवढेच. शपथ म्हणा, परीक्षा म्हणा. ते घडल्यावर माणसाला मागे फिरणे कठीण, कारण आता त्याचे नाव सांगणारे दहा साक्षीदार त्याच खोलीत आहेत.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. त्या खोलीत पाणी घेऊन येणारा मुसलमान कोण होता? सभासदांपैकी काहींची नावे इतिहासात आहेत, सभेचे नियम आहेत. तो माणूस मात्र फक्त ‘मुसलमान’ म्हणून येतो. त्याला काय सांगून बोलावले असेल? आपल्या हातचे पाणी पिणे हे धाडस आहे, हे समोर बसलेल्या शिकलेल्या लोकांच्या चेहऱ्यावर त्याला दिसले असेल का? सुधारणेचा इतिहास लिहिताना आपण पिणाऱ्याचे कौतुक करतो. करायलाच हवे, त्यांच्यावर खरेच संकट होते. 1860 मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर पडायची वेळ आली आणि सभा फुटली. पाव खाल्ला म्हणून नव्हे, पाव खाल्लेला कळेल म्हणून.

पुण्यातही हेच, फक्त पावाच्या जागी बिस्किटे. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले, नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. नावे सगळ्यांचीच. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. याला ‘चहा ग्रामण्य’ म्हणतात आणि शाळेत ती गमतीची गोष्ट म्हणून सांगतात. माझ्या मते ती गंमत नाही. यादी करून ती चव्हाट्यावर टाकली की पुढचे काम लोक आपोआप करतात, हे गोपाळरावांना नेमके कळले होते, मग त्यांचा हेतू काहीही असो. 1898 मध्ये दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली, तेव्हा तर ‘कोणाच्या हातचे’ हेच नावात आणि जाहिरातीत आले.

मग घाटावरचे लोक पाव खायला लागले कधी? लष्कराची भट्टी आधी आली. 1817-18 मध्ये पेशवाई गेल्यावर पुण्याच्या पूर्वेला छावणी वसली. गोऱ्या सोल्जरला रोज पाव लागे, म्हणून कॅम्पात भट्ट्या पेटल्या, आणि त्या पेटवायला मुसलमान, गोवेकर ख्रिस्ती, पुढे इराणी पुढे आले. कारण ज्यांना विटाळाची भीती नव्हती तेच या धंद्यात जाऊ शकत होते. बेकरीचा धंदा मुसलमानांच्या हातात ‘कसा गेला’ असे आज कोणी विचारतो, त्याला हे उत्तर आहे. तो कोणी बळकावला नाही. बाकीच्यांनी दीडशे वर्षे त्याला हात लावला नाही. पहाटे दोनला उठून, शंभर सवाशे किलो मैदा मळून, भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे काम होते ते. बळकावण्यासारखे त्यात काय होते?

इराण्यांनी पावाची भीती घालवली असे मला वाटते. त्यांत झरथुष्ट्री होते, शिया मुसलमानही होते. डेक्कन जिमखान्यावरचे गुडलक 1935 मध्ये हुसेन अली यक्षी यांनी सुरू केले. पेठांतली पोरे कर्वे रस्त्याकडे जाता जाता तिथे बन-मस्का खायला लागली, आणि घरी सांगायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न राहिला. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी 1955 ची. आज तिच्या श्रूजबेरी बिस्किटांचा डबा दिवाळीला, पाहुण्यांना, परदेशात सगळीकडे जातो. 1890 मध्ये बिस्किटासाठी प्रायश्चित्त घेतलेल्या शहराने 65 वर्षांत एवढा पल्ला गाठला. हेही सांगायला हवे, नाहीतर मी फक्त एकाच बाजूचा हिशेब मांडते आहे असे होईल.

माझा स्वतःचा भट्टीशी संबंध साताऱ्याच्या सदर बझारातला. ईदच्या आठवडाभर आधी अम्मी आणि दादी नानकटाईचे पीठ घरी मळायच्या, गोळे करून त्यांवर चारोळी दाबायच्या, आणि मी व भाऊ ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचो. रात्रीचे पाव निघाले की भट्टी मंद होते, त्या वेळी घरगुती ट्रे आत जात. प्रत्येक ट्रेवर घराच्या नावाची चिठ्ठी. दिवाळीआधीही हीच रांग लागे, फक्त चिठ्ठ्यांवरची नावे वेगळी. एका वर्षी कुलकर्णीबाईंची नानकटाई आमच्या घरी आणि आमची त्यांच्याकडे गेली. अम्मी घाबरली, कारण आमच्यात तूप होते की दुसरे काही, असे विचारणा होईल. त्यांनी निरोप पाठवला की तुमच्यात वेलदोडा जास्त आहे, पुढच्या वर्षी प्रमाण सांगा.

दादी त्याच बेकरीवाल्याकडून कधीकधी मळलेले पीठ आणायची. खमीर आलेले, ओले, चिकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. त्यात खिमा भरून ती गोळे पुन्हा बेकरीत पाठवायची. हाच आमचा पहिला भरलेला पाव. घरी भाजण्याचा प्रयत्न झाला तो ऐंशीच्या दशकात, काचेची खिडकी असलेला गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आला तेव्हा. केक त्यात व्हायचा. पाव मात्र वरून फिका आणि खालून काळा. कुकरमध्ये वाळू घालूनही करून पाहिला. घरात भाजलेला पाव बेकरीसारखा होत नाही, हा निष्कर्ष अम्मीने त्या वेळी काढला आणि अजून मागे घेतलेला नाही.

हिंजवडीत मी 2006 मध्ये नोकरीला आले. त्या वेळी माणच्या बाजूला भाताची खाचरे होती, म्हातोबाच्या बगाडाला कंपन्यांच्या बस अडकून पडायच्या. आता तिसऱ्या फेजमध्ये आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात ओटीजी आहे. तुघलकाच्या काळापासून जी उष्णता बाजारात राहिली ती आता मिक्सरच्या शेजारी आली. भट्टीवाल्याची गरज संपली, असे म्हणता येईल. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितले. हवेचा विचार करता निर्णय बरोबरच आहे, धुरात उभे राहणाऱ्यांच्या छातीचाही. पण खर्च पेलणार नाहीत त्या भट्ट्या विझतील. मग यादी करायला नावे तरी किती उरणार?

त्या दिवशी यादी पुसली गेली तेव्हा माझे पीठ दुप्पट झाले होते. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, पाव लिटरपेक्षा थोडे जास्त कोमट दूध, दोन चमचे तूप, चमचाभर साखर, दोन लहान चमचे मीठ. एक ट्रे खिम्याचा, एक मटार-बटाट्याचा. दुसरा दरवर्षी शेजारी जातो. शेजारच्या काका-काकूंना अंडे चालत नाही म्हणून त्यावर दूधच लावते. यादीला अंगठा दाखवणाऱ्या तिघांत त्यांचा मुलगा होता. बराच वेळ मी तो ट्रे ओव्हनमधून काढून नुसता ठेवला. मग अजान व्हायच्या आधी मुलीच्या हाती पाठवला, नेहमीसारखा.

ताट दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, घासून पुसून. रिकामे ताट परत द्यायचे नसते, म्हणून त्यात चमचाभर साखर होती. एरवी काकू लाडू देतात, थालीपीठ देतात, निदान कढीपत्ता तरी. घाईत असतील. पाव कसा झाला होता, हे मी विचारले नाही आणि त्या बोलल्या नाहीत.

अम्मीला फोनवर मी फक्त तक्रार सांगितली, की खिम्याचा पाव खालून ओला राहतो. ती म्हणाली, “बेकरीची फरशी आधीच तापलेली असते, तुझा ट्रे थंड. भाकरीचा तवा ओव्हनमध्ये आधी तापव आणि ट्रे त्यावर ठेव. खिमाही परतताना पाणी पूर्ण आटू दे, शेपू शेवटी टाक.” मी तसे केले. 200 अंशांवर तव्यासकट वीस मिनिटे ओव्हन तापवला, मग तीस मिनिटे भाजले. आता खालची बाजू वाजते.